गोगलगाय आणि पोटात पाय

(द्वितीय वर्ष, कला)

हातखंबा हे नाव तुम्ही ऐकले असेल; पण हातखंब्याला तुम्ही मुद्दाम उतरला असाल असे मला वाटत नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरचा हा एक तिठा. मुंबईकडून आलेली गाडी इथून सरळ पालीकडे आणि पुढे गोव्याकडे जाते. एक रस्ता उजव्या हाताला रत्नागिरीकडे वळतो. कोणी इथे गाडी बदलण्यासाठी थांबतो, कोणी चहासाठी. थांबणाऱ्याचे गाव मात्र नेहमी दुसरेच असते. समुद्र आमच्यापासून तेरा-चौदा किलोमीटरवर आहे, पण तो दिसत नाही. आम्हाला दिसतो तो कातळ. पावसाळ्यात चार महिने हिरवा, आणि उरलेले आठ महिने तापलेल्या तव्यासारखा.

असे असूनही मी ज्या प्राण्याविषयी लिहिणार आहे तो समुद्रातला आहे. उष्ण प्रदेशांतील समुद्रात, प्रवाळांच्या रानात तो विशेष रमतो. त्याला मी जिवंत कधी पाहिलेले नाही. पण त्याचे घर माझ्या घरी सहा वर्षे होते, आणि त्या घरात कोण राहत होते याची मला गंधवार्ताही नव्हती.

माझा मामा मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी आहे. जाळे वर आले की मासळी निवडताना दगड, शिंपले, शंख असे बरेच काही बाजूला पडते. त्यातलाच एक शंख त्याने एका गणपतीत मला आणून दिला. माझ्या अंगठ्याहून थोडा लांब, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळता. मुलांच्या हातातला भोवराच जणू. एका कडेला वरपासून खालपर्यंत अरुंद फट. पांढऱ्या पाठीवर तपकिरी नक्षी अशी, की कोणी घाईघाईने मोडी लिहून ठेवली आहे असे वाटावे. देवघरातल्या शंखासारखा तो वाजत नव्हता, म्हणून आईने त्याला देवात घेतले नाही. मग तो खिडकीत आला आणि कागदांवर ठेवायचे वजन झाला. कागद म्हणजे तरी काय? विजेचे बिल, रेशनची पावती आणि बाबांच्या औषधांच्या चिठ्ठ्या. चिठ्ठ्याच जास्त.

बाबांविषयी इथे थोडे सांगायला हवे. माझे बाबा चिरेखाणीवर होते. रत्नागिरी जिल्ह्यातली जुनी घरे ज्या जांभ्या दगडाची आहेत तो दगड आमच्या कातळातून निघतो. एकेक चिरा तीस-पस्तीस किलोचा. आठ वर्षांपूर्वी ट्रकमध्ये चिरे भरताना बाबांचा पाय घसरला, आणि पाठ जी गेली ती गेलीच. तेव्हापासून ते तिठ्यावर चहाची टपरी चालवतात. रस्ता रुंद होताना ती टपरी दोनदा मागे सरकली. सकाळी बाबा ठीक असतात. दुपार कलली की पाठीतली कळ डाव्या पायात उतरू लागते. साडेचारनंतर त्यांना उभेही राहवत नाही आणि बसवतही नाही. आई काजूच्या कारखान्यात जाते, ती सात वाजल्याशिवाय येत नाही. म्हणून संध्याकाळची टपरी माझी.

दहावीला मला शास्त्रात शंभरपैकी एक्याऐंशी गुण होते. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे जाणारी मी पहिली. सरांनी विचारले, "सायन्सला जाणार ना?" मी घरी येऊन सांगितले, की सायन्स फार कठीण असते, मला ते झेपणार नाही. वास्तविक मला कठीण वाटत होते ते वेळापत्रक. सायन्सची प्रात्यक्षिके संध्याकाळपर्यंत चालतात. आर्ट्सचे तास दुपारीच संपतात आणि तीनच्या गाडीने मी तिठ्यावर पोहोचते. हे मी कोणालाही सांगितले नाही. त्यात त्यागबिग काही होते असे मला आजही वाटत नाही. मराठी मला आवडते. फक्त एक खोटे मी बोलले होते, आणि ते माझ्यापाशी राहिले होते.

गेल्या वर्षी पावसाळ्यात एकदा गाडी चुकली. पुढच्या गाडीला तासभर होता, म्हणून वेळ काढत महाविद्यालयात हिंडत होते. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे दार उघडे होते. आम्हा आर्ट्सच्या मुलांचे त्या मजल्यावर काही काम नसते. दारातूनच काचेचे कपाट दिसले, आणि कपाटात माझा शंख! म्हणजे माझा नव्हे, पण त्याचाच सख्खा भाऊ. तोच भोवरा, तीच फट. शेजारी त्याचे आणखी पाच-सहा भाऊबंद, निरनिराळ्या अंगरख्यांतले. मी नकळत आत गेले. आतल्या प्राध्यापिकांनी विचारले, "काय हवंय?" मी चाचरत म्हणाले, "मॅडम, हा शंख आमच्या खिडकीत आहे."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हा शंख नव्हे, कोनस. रिकामा आहे ना? बरं आहे. जिवंत असता तर खिडकीत ठेवण्याची वस्तू नव्हती."

दुसऱ्या दिवशी मी तो रुमालात बांधून नेला. मॅडमनी तो खिडकीपाशी धरून उलटसुलट पाहिला आणि मला दोन इंग्रजी लेख वाचायला दिले. पुढचे तीन आठवडे मी टपरीवर, गिऱ्हाइकांच्या अधेमधे, शब्दकोश मांडीवर घेऊन ते वाचले. एकेका ओळीत चार शब्द अडायचे. पण जे कळत गेले ते असे होते, की स्टोव्हवरचे दूध दोनदा उतू गेले.

शंकूसारखा आकार म्हणून या प्राण्यांचे नाव कोनस. जगभरात त्यांच्या आठशेहून अधिक जाती आहेत. जात गोगलगाईची, म्हणजे सरपटण्यातही मंद. आणि तरीही हा प्राणी शिकारी आहे! बहुतेक जाती समुद्रातले किडे खातात, काही जाती दुसऱ्या गोगलगाई खातात, आणि थोड्या जाती चक्क मासे खातात. गोगलगाईने मासा पकडावा, हे ऐकून प्रथम मला कोणीतरी थट्टा करत आहे असेच वाटले. मासा किती चपळ हे मामाच्या भाचीला कोणी सांगायला नको.

पण त्याची युक्ती ऐका. दिवसा तो वाळूत किंवा प्रवाळांच्या कपारीत पडून राहतो. रात्री बाहेर येतो. अंगातली एक नळी पुढे काढून तो पाण्याचा वास घेतो आणि मासा कुठे आहे ते हेरतो. मग सोंडेसारखा दुसरा अवयव हळूहळू लांबवतो. त्या सोंडेच्या टोकात एक दात असतो. इतर गोगलगाईंचे दात कानशीसारखे, खरवडण्याच्या कामाचे. याचा दात मात्र पोकळ, अणकुचीदार, टोकाला आकडा असलेला. डॉक्टरांची सुई आणि मच्छीमाराचा भाला एकाच वस्तूत! सोंड माशाला टेकली की दात सुटतो आणि विष आत जाते. हे इतक्या वेगाने होते की डोळ्याला दिसत नाही. मासा जागच्या जागी ताठ होतो, आणि आपली गोगलगाय त्याला सावकाश, अख्खा गिळते. एक दात एकदाच वापरायचा. पुढच्या शिकारीसाठी नवे दात आत भात्यातल्या बाणांसारखे तयार असतात. काटे, खवले आणि वापरलेला दात ती मागाहून बाहेर टाकते.

कोनस जिओग्राफस नावाची एक जात याहून चतुर आहे. ती आपले तोंड जाळ्यासारखे पसरते आणि झोपेला आलेले छोटे मासे त्यात ओढून घेते. मासे असे गुंगतात कसे? 2015 साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ही गोगलगाय आपल्या विषात इन्सुलिन मिसळते, आणि तेही माशांच्या इन्सुलिनसारखे. माशांच्या रक्तातली साखर झरकन उतरते आणि ते गळून जातात. आपल्याकडे मधुमेहाचे रोगी घेतात ती वस्तू ही समुद्राच्या तळाशी शस्त्र म्हणून वापरते!

याच जातीच्या डंखाने माणसेही मेली आहेत. रुम्फियस नावाचा एक निसर्गशास्त्रज्ञ डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, आज इंडोनेशियात असलेल्या अंबोन बेटावर राहत होता. पुढे त्याची दृष्टी गेली, तरी दुसऱ्यांकडून लिहवून घेत त्याने आपले काम चालू ठेवले. त्याच्या मृत्यूनंतर, 1705 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बांदा बेटावरच्या एका गुलाम स्त्रीची हकीकत आहे. तिने असा एक शंख हातात धरला. हाताला बारीकशी खाज सुटली, ती अंगभर चढत गेली, आणि ती बाई मेली. त्या स्त्रीचे नाव कोठे लिहिलेले नाही. मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. शंखाला नाव मिळाले, तिला मिळाले नाही.

आपल्या मराठीत एक म्हण आहे: गोगलगाय आणि पोटात पाय. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून बेरकी असणाऱ्या माणसाला आपण ती लावतो. मौज अशी की शास्त्रज्ञ गोगलगाईंच्या साऱ्या कुळाला 'गॅस्ट्रोपॉड' म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही 'पोट' आणि 'पाय' असाच आहे. ग्रीक माणसाने आणि कोकणी म्हातारीने एकच प्राणी पाहिला आणि एकच शब्द उच्चारला. भाषेच्या विद्यार्थिनीला यासारखा आनंद दुसरा नाही. आईने ज्याला देवात घेतले नाही त्याच्यापुढे देवघरातला शंख तरी सोवळा आहे काय? पूजेतल्या शंखात राहणारा प्राणीही समुद्रतळाचे किडे खाऊनच जगत असतो. आपण घर धुऊन घेतो आणि घरमालकाला विसरतो.

माझ्या शंखाची जात मॅडमनाही खात्रीने सांगता आली नाही. त्या म्हणाल्या, नक्षी झिजली आहे, आणि हा बहुधा किडे खाणाऱ्यांपैकी असावा. सगळे कोनस प्रवाळातच राहतात असेही नाही; काही वाळूत, चिखलातही असतात. पण तो एका विशिष्ट जातीचा नाही ना, एवढे त्यांनी नीट पाहून घेतले. 'ग्लोरी ऑफ इंडिया' या नावाने ओळखला जाणारा कोनस मिल्नेएडवर्डसी हा उंच मनोऱ्यासारखा कोनस अरबी समुद्रातही सापडतो, आणि 2001 सालापासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समुद्रातल्या तारायंत्राच्या केबली दुरुस्त करणाऱ्या बोटीवरच्या टाऊनसेंड नावाच्या अधिकाऱ्याला तो मुंबईच्या पश्चिमेकडच्या समुद्रात मिळाला होता. शंखांचे हौशी संग्राहक त्यासाठी वेडे होत. प्रवाळ म्हटले की आपल्याला अंदमान-लक्षद्वीप आठवते. पण विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर, पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांचे नाव मिरवणारी आंग्रिया बँक आहे आणि तिच्यावर प्रवाळांचे रान आहे. 2019 च्या अखेरीस शास्त्रज्ञांची एक तुकडी तिच्या अभ्यासाला गेली होती. आपण शाळेत आंग्र्यांचा इतिहास पाठ केला, पण त्यांच्या नावाचे रान समुद्रात आहे हे मला विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर कळले.

आता मुख्य गोष्ट. बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपाइन्सचे शास्त्रज्ञ. अमेरिकेत शिकून ते मायदेशी परतले, तेव्हा पूर्वीचे संशोधन पुढे चालवायला लागणारी उपकरणे तिथे नव्हती. मग त्यांनी विचार केला, की आपल्याकडे भरपूर आहे असे काय? लहानपणी ते शंख गोळा करत असत. कोनस तिथल्या समुद्रात मुबलक. त्यांनी त्याच्या विषाचा अभ्यास आरंभला. पुढे हे काम ते अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात घेऊन गेले. ते विद्यापीठ समुद्रापासून शेकडो मैल आत, डोंगरांनी वेढलेल्या गावात आहे. हे वाचले तेव्हा मी टपरीवरून समोरच्या कातळाकडे पाहिले आणि मला उगीचच बरे वाटले.

त्या प्रयोगशाळेत विद्यार्थी काम करीत. क्लार्क नावाच्या एका विद्यार्थ्याने सुचवले, की विषाचे निरनिराळे घटक वेगळे करावेत आणि ते उंदराच्या थेट मेंदूत टोचून पाहावेत. तसे केल्यावर आश्चर्य घडले. एका घटकाने उंदीर झोपी जाई, दुसऱ्याने थरथरे, तिसऱ्याने गोल गोल धावत सुटे. एका थेंबभर विषात शंभराहून अधिक निरनिराळी द्रव्ये, आणि प्रत्येकाचे काम वेगळे! मग 1979 च्या सुमारास मायकेल मॅकिंटॉश नावाचा, नुकतीच शाळा संपवलेला अठरा वर्षांचा मुलगा तिथे आला. त्याने कोनस मॅगस या मासेखाऊ गोगलगाईच्या विषातून एक द्रव्य वेगळे काढले. पंचवीस अमिनो आम्लांची एक छोटीशी साखळी. त्या साखळीची हुबेहूब नक्कल प्रयोगशाळेत घडवून वेदनेवरचे एक औषध तयार झाले. झिकोनोटाइड हे त्याचे नाव. 2004 च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. जिथे मॉर्फीनसारखी औषधे हात टेकतात तिथे ते दिले जाते, आणि मॉर्फीनसारखी त्याची मात्रा दिवसेंदिवस वाढवावी लागत नाही.

अठरा वर्षांचा मुलगा! मी एकोणीस वर्षांची आहे.

खिडकीत सहा वर्षे तो शंख कशावर ठेवला होता हे मी वर सांगितलेच आहे.

त्या रात्री टपरी बंद करून घरी आले. बाबा चटईवर कुशीवर पडले होते. गरम पाण्याची पिशवी त्यांच्या पाठीला लावून मी शेजारी बसले आणि सगळे सांगत सुटले. दात सांगितला, मासा सांगितला, ऑलिव्हेरा सांगितले. औषध काम कसे करते हे सांगताना मला शब्द सापडेनात. पुस्तकात कॅल्शियम, नसा, दारे असे काय काय होते. मग एकदम सुचले. म्हटले, "बाबा, तुमच्या पायातून कळ निघते ती काही सरळ डोक्यात जात नाही. पाठीच्या कण्यात एक तिठा आहे. तिथे ती गाडी बदलते. पायाकडून आलेली नस तिथे थांबते आणि निरोप दुसऱ्या नसेच्या हाती देते. हे औषध त्या तिठ्यावरची दारंच बंद करतं."

बाबा म्हणाले, "म्हंजे पायात गाडी सुटली तरी तिठ्यावर पुढची गाडी नाय."

"तसंच."

"वा!" बाबा म्हणाले. तिठ्यावरचा माणूस, त्याला हे माझ्यापेक्षा लवकर कळले. मग थोडा वेळ थांबून त्यांनी साध्या आवाजात विचारले, "मला मिळंल काय गो ते?"

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. तीन आठवडे मी शब्दकोश उलगडत होते, पण शेवटच्या पानावरचा मजकूर जणू मुद्दाम पुसट वाचला होता. ते औषध गोळीने घेता येत नाही. पाठीच्या कण्यातल्या द्रवात नळी घालून, कातडीखाली बसवलेल्या पंपातून ते थेंबाथेंबाने सोडावे लागते. त्याचा खर्च आमच्यासारख्यांच्या हिशेबात बसणारा नाही. शिवाय त्याने चक्कर येते, स्मरण बिघडते, मन भ्रमिष्ट होऊ शकते. म्हणून दुसरा कोणताच उपाय उरलेला नसतो अशा रोग्यांनाच ते देतात. हे सगळे मला ठाऊक होते. आणि तरीही मी बाबांच्या उशाशी ही बातमी घेऊन आले होते, जणू काही खिशातून पुडी काढून देणार होते.

"नाही बाबा," मी म्हणाले, आणि का नाही तेही सांगितले.

"बरं," बाबा म्हणाले. "सांगितलंस ते चांगलं केलंस. लपवलं नायस."

पिशवी गार झाली होती. मी ती भरून आणायला उठले, तेव्हा मागून बाबा म्हणाले, "सायन्स कठीण हाय म्हणून सोडलंस नव्हं तू?"

मी काहीच बोलले नाही.

"इंग्रजी पुस्तकातलं इतकं समजून आम्हा अडाण्याला समजावलंस. तुला काय कठीण होतं?" ते म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं नाय, कारण विचारलं असतं तर तू आणखी एक खोटं बोलली असतीस." आणि मग, कुशीवरून वळत, कळ आवरत, चक्क हसले. "गोगलगाय नि पोटात पाय!"

वाचकहो, मला त्या क्षणी रडू आले नाही, हसूही आले नाही. आठ वर्षे एकाच घरात एक माणूस कळ लपवत होता आणि चार वर्षे दुसरे माणूस कारण लपवत होते. दोघांनाही दोन्ही ठाऊक होते. एवढेच मनात आले, की वेदनेचे औषध मी आणू शकले नाही, पण त्या रात्री आमच्या घरातला एक तिठा मात्र मोकळा झाला.

पुढे मॅडम म्हणाल्या, "तुझा कोनस आपल्या कपाटात ठेवशील? पण ठिकाण हवं. कुठे मिळाला हे माहीत नसलेला शंख शास्त्राच्या उपयोगाचा नसतो. ती नुसती शोभेची वस्तू." मी मामाला विचारायला मिऱ्याला गेले. वाटले, सहा वर्षांपूर्वीचे त्याला काय आठवणार! मामा जाळे विणत होता. हात न थांबवता म्हणाला, "मिरकरवाड्यातून मावळतीला तीन तास. पाणी वीस-बावीस वाव. खाली चिखल, मधी मधी वाळू. त्या खेपेला म्हाकुल बरंच लागलं होतं." मी वहीत उतरवून घेतले. मॅडमनी ते वाचले आणि म्हणाल्या, "याहून चांगली नोंद माझ्या विद्यार्थ्यांनीही केली नसती." मामा चौथीपर्यंत शिकला आहे. हे वाक्य मी त्याला दोनदा ऐकवले.

आज प्राणिशास्त्राच्या कपाटात माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी आहे. तिच्यावर लिहिले आहे: 'कोनस. जात अनिश्चित. रत्नागिरीच्या पश्चिमेस, तीन तासांच्या अंतरावर, वीस-बावीस वाव पाण्यात, ट्रॉलच्या जाळ्यात मिळाला.' इंग्रजी चिठ्ठ्यांच्या रांगेत ती एकटीच मराठी आहे. कला शाखेच्या मुलीची त्या कपाटात एवढीच भर. पण मला वाटते, आम्हा मराठी शिकणाऱ्यांचे हेही एक काम आहे. टपरीवर दूध उतू जाईतो मला जे शब्दकोशातून उकरावे लागले, ते बाबांसारख्या माणसाला एका दमात कळेल अशा भाषेत कोणीतरी आणून ठेवायला हवे. तो माल शास्त्राचा असला तरी गाडी भाषेच्याच तिठ्यावर बदलते.

औषधांच्या चिठ्ठ्यांवर आता जांभ्याचा एक कपचा ठेवला आहे. बाबांची कळ रोज साडेचारला येते. एसटीपेक्षा ती वेळेची पक्की आहे.

माझा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे. परवा जेवताना तो म्हणाला, "मीपण आर्ट्सच घेणार. सायन्स फार कठीण असतं." बाबांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले.

"गोगलगाय," मी त्याला म्हणाले, "संध्याकाळची टपरी माझी आहे. तुला कोणी विचारलेलं नाही."

तो मान खाली घालून भात कालवत राहिला. पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले.